बेळगाव येईपर्यंत

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही, पण पातेल्याच्या काठावर पळी झटकायचीस तो आवाज आठवतो. दुपार आहे. आपली चाळ जिथे होती तिथेच आता हा टॉवर उभा आहे आणि त्यातल्या स्वयंपाकघरात मी लिहायला बसले आहे. पलीकडच्या खोलीत माझा मुलगा झोपलाय. त्याच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी आहे. तू त्याला पाहिलं नाहीस. पन्नाशीला आलाय, गेली कित्येक वर्षं साखर आहे. नवा बूट चावला, ह्याला कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. अंगठा गेला. आता डॉक्टर म्हणतात, सोमवारी पट्टी सोडून बघू, सूज वर चढलेली दिसली तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. काढावा लागेल, असं म्हणाले, दात काढतात तसं. तोवर आमच्या हातात एकच गोष्ट आहे म्हणे. औषध आम्ही देतो, तोंड तुम्ही सांभाळा, असं त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं. आई, मला त्याचं तोंड सांभाळता येत नाहीये. सून बँकेत जाते, दिवसभर घरात आम्ही दोघंच, आणि दिवसभर आमचं तेवढंच भांडण चाललेलं असतं. तू बाबांचं तोंड आयुष्यभर सांभाळलंस, तेही चाळीत कुणाला पत्ता लागू न देता. ते कसं केलंस हे मला आजच्या आज हवं आहे, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

बाबांचा पाय मला आठवतो तो जिन्यापासून. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरणीचा भोंगा झाला की निम्मे लोक घरी आणि निम्मे मोर्च्याला, असं चाललेलं. त्या दिवशी बाबा गिरगावाकडच्या मोर्च्याला गेले होते. लाठीमार झाला, पळापळ झाली, त्यात त्यांची चप्पल कुठेतरी राहिली आणि फुटलेल्या सोडावॉटरच्या बाटल्यांवरून ते अनवाणी धावले. तिथून लालबागपर्यंत चालत आले. मी गॅलरीत उभी होते. खालून आधी बायकांचा ओरडा ऐकू आला, मग बाबा वर आले, हसतच. त्यांच्यामागे जिन्याच्या प्रत्येक पायरीवर लाल पाऊल उमटलं होतं. तू भाताच्या हातानेच बाहेर धावलीस. तळव्यात बोटभर काच रुतली होती. ती उपटताना समोरच्या खोलीतल्या काकूंनी डोळे झाकून घेतले, आणि बाबा मात्र आपल्या पायाकडे असे बघत होते की जणू तो शेजाऱ्याचा पाय आहे. तू रडायला लागलीस तर म्हणाले, "अगो, माका दुखत नाय तर तू कशाक रडतस?"

एवढं वाक्य चाळभर झालं. काच उपटली तरी माणूस हूं की चूं करत नाही! दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते आले, हार घालून गेले. मीही शाळेत सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या बाबांना दुखत नाही. किती तोरा होता मला त्याचा. आता त्या तोऱ्याचीच भीती वाटते.

आणि मग चाळीने त्यांना खायला घालायला सुरुवात केली. आपल्याकडे माणसावर जीव आहे हे दाखवायची दुसरी रीत होतीच कुठे? जखमी माणूस, रक्त गेलेलं, ताकद भरून यायला हवी. कुणाचा शिरा आला, कुणाचं केळ्याचं शिकरण, कुणी गूळपोहे, कुणी साखर घालून आटवलेलं दूध. देशावरच्या एका घरातून तर तुपात निथळणारी पुरणपोळी आली, सणवार नसताना. तूही कमी नव्हतीस. खाणावळीच्या कामातून सवड काढून तू त्यांच्यासाठी रोज सकाळी गूळ घालून तांदळाची खीर करायचीस. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सात गिरणीकामगार दोन वेळा जेवून जायचे, सगळे गावाकडचे, एकटे राहणारे. त्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्याला मी मामा म्हणायचे. तो मामासुद्धा पगार झाला की खारीक आणि खडीसाखर घेऊन यायचा. बाबा खात होते, पाणी पीत होते, वजन उतरत होतं आणि पाय सुजत होता. जखम वरून खपली धरल्यासारखी दिसायची आणि दाबली की आतून पू यायचा. पोटरी गरम लागायची. मोरीत त्यांनी लघवी केली की मुंग्यांची रांग लागायची आणि तू वैतागून फिनेल ओतायचीस.

परळच्या मोठ्या इस्पितळातला तो डॉक्टर आठवतो का गं? गोरा, चष्मा लावणारा, पुण्याकडचं बोलणारा. तू मला बरोबर नेलं होतंस, फळ्यावरची नावं वाचायला. त्याने बाबांना डोळे मिटायला सांगितले, टाचणी घेतली आणि तळव्याला टोचत टोचत विचारत गेला, "आता टोचतंय?" बाबा डोळे मिटून म्हणाले, "तुमी टोचा तरी आधी." मी टाचणी आत जाताना बघत होते. डॉक्टरने टाचणी खाली ठेवली आणि तुझ्याकडे वळला. म्हणाला, "ह्यांना दुखत नाही ना, बाई, हाच ह्यांचा आजार आहे."

मग त्याने समजावलं. लघवीत साखर उतरतेय, रक्तात त्याहून जास्त आहे. अशा रक्ताने नसा मरतात म्हणून पायाला कळत नाही, आणि जखमेशी लढायला रक्तातलं जे धावून जातं ते सुस्त पडतं म्हणून पू हटत नाही. शिवाय आत सतत दाह पेटलेला. "तुम्ही जे गोडधोड भरवताय ते ह्यांना नाही भरवत, त्या पुवाला भरवताय." तू पदर तोंडाशी धरून ऐकत होतीस. मग हळूच म्हणालीस, "म्हंजे आंबोळीच्या पिठात गूळ घातल्यासारखा." त्या बिचाऱ्याला आंबोळी ठाऊक नव्हती, तो नुसतीच मान हलवून पथ्य लिहायला लागला. पण तुला समजलं होतं. गूळ पडलेलं पीठ कसं फसफसून भांड्याबाहेर येतं ते तू रोज बघत होतीस. परत येताना ट्रामच्या बाकावर तू बाबांच्या पायाकडे एकटक बघत बसली होतीस. तुझा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता, आणि आता रोज आरशात बघते.

घरी आल्यावर बाबांनी दार लावून घेतलं. आपल्या घराचं दार दिवसा लावलेलं मी तेव्हाच पाहिलं. ते म्हणाले, "माका साखर आसा म्हणान चाळीत कोणाक सांगू नको. मोर्च्यातलो पाय मोर्च्यातलोच रवांदे." मला तेव्हा ते हट्टीपणाचं वाटलं. आता वाटतं, त्या माणसाकडे दुसरं होतं काय? पाठीमागे गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटाने आलेला बहिरेपणा, पुढे बिनपगारी रजा, आणि मध्ये हा एक पाय, ज्याच्यामुळे लोक त्यांना जिन्यात वाट करून द्यायचे. तो पाय मोर्च्यातल्या काचेने नव्हे, लघवीतल्या साखरेने सडतोय, हे लोकांना कळू द्यायचं? तू दार उघडलंस आणि चूल पेटवायला बसलीस.

दुसऱ्या दिवसापासून खाणावळीचं पातेलं बदललं. बाबा खाणावळीतल्या माणसांच्याच पंगतीला बसायचे. त्यांना वेगळं ताट वाढलं असतं तर त्याच दुपारी गिरणीत बातमी गेली असती. म्हणून तू सातही माणसांना पथ्यावर घातलंस. भाताचा ढीग होता तिथे एक मूद आली. तांदळाची भाकरी गेली, नाचणीची आली. कुळथाची पिठी, लाल माठ, मेथी, शेवग्याचा पाला, बांगड्याचं तिखलं, ताक. चहाला साखर घालायच्या आधीच तू बाबांचा कप गाळून घ्यायचीस आणि पहिला मान म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवायचीस. बाबा एकदा कुरकुरले, निदान रात्री तरी भात पोटभर वाढ म्हणून, तर तू पळी रोखून म्हणालीस, "जा सगळ्यांक, ताच तुमका. ह्या घरात दोन तऱ्हेची ताटां नाय." आणि मामा तर तिसऱ्या दिवशीच ताटावरून उठायचा बाकी राहिला. "वयनी, आमी काय बाळंत झालव? रोज मेथी नि नाचणी!" सगळी पंगत हसली. तूही हसलीस आणि त्याच्या ताटात अजून मेथी वाढलीस. दोघं खाणावळ सोडून गेले, त्यांच्या जागी दुसरे मिळायला वेळ लागला. तुझ्या कपाळावरची आठी मला दिसायची. पण मामा राहिला. त्याच्या मानेवर वर्षानुवर्षं फोड यायचे, ते पुढे येईनासे झाले आणि तो ते श्रेय त्याच्या गावच्या देवाला देऊन मोकळा झाला. तू त्याला देवाकडेच राहू दिलंस.

माणसं कामावर गेली की तू बाबांची लघवी काचेच्या नळीत घ्यायचीस, इस्पितळातून आणलेलं निळं औषध त्यात टाकायचीस आणि चिमट्यात धरून स्टोव्हवर उकळायचीस. मी शेजारी बसायचे. निळं राहिलं तर तू देवाला हात जोडायचीस, हिरवं झालं तर नळी पुन्हा उजेडात धरून बघायचीस, आणि विटकरी झालं की तुझं तोंडच उतरायचं. इन्सुलिनच्या इंजेक्शनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवलेली असायची. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाण्याने पाय धुवायचीस, पिवळ्या औषधाची पट्टी बांधायचीस, आणि बोटांच्या बेचक्यांतून कंदिलाचा उजेड पाडून बघायचीस. किती महिने गेले मला आठवत नाही. मला आठवतो तो दिवस, ज्या दिवशी पट्टी सोडलीस आणि पट्टी कोरडी होती. तू ती पट्टी मला हुंगायला दिलीस. "वास येता?" नव्हता येत. बाबा पुन्हा गिरणीत जायला लागले.

हे सगळं मी माझ्या मुलाला सांगितलंय. नाचणी करते, मेथी करते, माशांचं कालवण करते. डॉक्टरही तेच म्हणतात. त्यांच्या दवाखान्यात भिंतीला चित्र लावलंय, कोंड्याचं धान्य, डाळी, पालेभाजी, मासे, ताक, ह्याने आतला दाह शमतो आणि अंगाची लढायची ताकद टिकते म्हणून. ते चित्र बघून मला ओरडावंसं वाटलं की अहो, हे तर माझ्या आईचं पातेलं! पण मुलगा माझं ताट दोन घास खाऊन बाजूला सारतो आणि उशाशी ठेवलेला फोन उचलतो. थोड्या वेळाने दाराची बेल वाजते. बटर चिकन येतं, नान येतं, गुलाबजाम येतात. काल मी म्हटलं, "अरे, सोमवारपर्यंत तरी. माझ्यासाठी."

"आई, एक पावभाजी खाल्ली म्हणून काय डायरेक्ट पाय जातो का? यार, आधीच वैतागलोय मी. खाणं सोडून दुसरं काय आहे माझ्याकडे आता?"

"पाय आहे ना रे अजून."

"आणि दुखत पण नाहीये. तुलाच जास्त दुखतंय."

मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. दुखत नाही म्हणाला. बाबांचंच वाक्य, बाबांच्याच तोऱ्यात.

आता ते सांगते, जे तुला वाटलं मी पाहिलं नाही. पातेलं बदललंस, पण चाळीचं गोड थांबलं नव्हतं. पाय बरा झाला तरी बाबा मोर्च्यातले जखमी वीर ते वीरच. गणपती आले की खिरापतीची पहिली वाटी त्यांना, दिवाळीत प्रत्येक घरचं ताट त्यांना, एखादी सभा गाजली की पेढे त्यांना. दारात आलेली वाटी परत करायची सोय नव्हती, कारण का परत केली ते सांगता येत नव्हतं. पोरांना वाटावं तर पोरं घरी जाऊन बोलणार. मोरीत ओतावं तर खालच्या उघड्या गटारात शिरा वाहताना सगळी चाळ बघणार, आणि अन्न फेकणं तुझ्या हाताला जमण्यासारखंच नव्हतं. तू हसून वाटी घ्यायचीस. "ठेवते त्यांच्यासाठी." दुसऱ्या दिवशी वाटी घासून, त्यात चार सुकटी नाहीतर खोबऱ्याचा तुकडा घालून परत द्यायचीस आणि सांगायचीस, "आवडला हो त्यांना, बोटं चाटून खाल्ला." त्या सगळ्या वाट्या कुठे रिकाम्या होत होत्या? एकदा मी शाळेतून लवकर आले. मोरीचा पडदा ओढलेला होता आणि खालून तुझे पाय दिसत होते. मी फटीतून बघितलं. तू उभ्याने खात होतीस. बुंदीचे लाडू होते. चावत नव्हतीस, पाण्याच्या घोटाबरोबर उतरवत होतीस, आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आई चोरून खाते, आम्हाला देत नाही. मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. आई, तुला गोड कधीच आवडायचं नाही. हे मला तू गेल्यावर आठवलं.

महाराष्ट्र झाला त्या दिवसाचं काय सांगू. लालबागेत चालायला जागा नव्हती. ढोल, गुलाल, खिडक्याखिडक्यांत दिवे. कार्यकर्त्यांची टोळी आपल्या जिन्यावर चढली, पुढच्याच्या हातात पेढ्यांचं ताट. बाबांना खुर्चीवर बसवलं, फेटा बांधला. सगळी चाळ गॅलरीत. एकाने पेढा उचलला आणि बाबांच्या ओठांना लावला. बाबांनी तोंड उघडलं होतं, गं. मी त्यांच्या पायाशीच होते. तीन वर्षांत त्यांच्या जिभेला साखर लागली नव्हती आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी भूक म्हणणार नाही, पण दुसरा शब्दही मला सापडत नाही. एका पेढ्याने काही झालं नसतं. हे मला आज कळतं, तुला तेव्हाही कळत असणार. पण त्या एकामागे सगळं ताट होतं, आणि ताटामागे सगळा जिना.

तू गर्दीतून पुढे आलीस. बाहेरच्यांशी बोलताना तू शुद्ध बोलायला जायचीस, तशीच बोललीस. "थांबा रे पोरांनो. ह्यांनी गोड सोडलंय. बेळगाव येईपर्यंत."

पेढा धरलेला हात तसाच राहिला. बाबांनी तुझ्याकडे बघितलं, तू बाबांकडे बघितलंस, आणि बाबांनी तोंड मिटलं. मग जो आवाज उठला! "बेळगाव, कारवार, निपाणी!" "झालंच पाहिजे!" पेढेवाल्याने ताट खाली ठेवून बाबांच्या पायांना हात लावला. बाबांना मूठ वर करावीच लागली. गर्दी उतरून गेल्यावर त्यांनी फेटा काढला आणि विचारलं, "अगो, बेळगाव कधी येतला?" तू पीठ मळत होतीस. "येतला तेव्हा येतला. तवसर भाकरी खावा." आणि मग तुम्ही दोघं असे हसलात, असे हसलात, की समोरच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या.

त्या दिवसापासून आपल्या दारात गोड आलं नाही. ज्याने बेळगावसाठी गोड सोडलं त्याला गोड द्यायची कुणाची छाती? पण काही दिल्याशिवाय चाळीलाही राहवत नव्हतं, म्हणून लोक शेवग्याच्या शेंगा आणायला लागले, अंडी, चणे. वरळीच्या कोळीवाड्यातून यायची ती कोळीण बांगडे मोजताना एक जास्तीचा टाकायची, बेळगावचा म्हणून. बाबांनी मान खाली घालायची नाही, तोंड वेंगाडायचं नाही, आपण आजारी आहोत हे कुणाला सांगायचं नाही, आणि तरी जगायचं. तू त्यांचं खाणं काढून घेतलंस आणि त्या जागी मोठेपणा वाढलास. आई, मला असं एक बेळगाव दे. माझ्या मुलाने कशासाठी सोडावं? त्याच्याकडे मोर्चा नाही, चाळ नाही, फेटा बांधणारं कुणी नाही. आहे तो फोन. मी त्याला सांगितलं, सोमवारी पाय वाचला तर गणपतीला तुला खांद्यावर घेऊन जातील मंडळातली पोरं. तो म्हणाला, "आई, मंडळातली पोरं आता माझ्या वयाची आहेत, त्यांनाच खांदा लागतो." विनोद करायची ताकद आहे अजून. मला हसायला आलं आणि लगेच रडायलाही.

तू गेलीस त्यालाही साखरच कारण होती, हे तुला कुणी सांगितलं होतं का? तुझ्या पाठीवर काळपुळी झाली, पुवाचं मोठं गळू. तू लुगड्याचा पदर घट्ट ओढून पंगत वाढत राहिलीस, आणि मामाने पाठीवरचा डाग बघून आरडाओरडा केला तेव्हा उशीर झाला होता. इस्पितळात तुझ्या लघवीची नळी विटकरी झाली. इतकी वर्षं तू घरातल्या प्रत्येकाच्या जेवणावर डोळा ठेवला होतास, फक्त स्वतःच्या नाही. सगळे उठल्यावर तू तळाचा भात आणि पेज घ्यायचीस, आणि दुपारी मोरीत चाळीचं प्रेम. मी डॉक्टरांना विचारलंय. ते म्हणतात, नुसत्या गोडाने होत नाही, अंगातच असावं लागतं, वय असतं, घराण्यात असतं, हजार कारणं असतात. मान्य. ती हजार कारणं मी मान्य करते, पण मला दिसतात ते पडद्याखालचे तुझे पाय.

तुझ्या तेराव्याला गोडाचं जेवण केलं होतं. मामाने बाबांच्या ताटात जिलबी वाढली. आलेल्यांपैकी एक म्हातारे म्हणाले, तोंड गोड करावं लागतं, रीत आहे, नाहीतर गेलेल्याचा जीव अडकतो. बाबांनी ताटाकडे बघितलं. म्हणाले, "बेळगाव इला काय?" त्यांनी सगळ्या पंगतीवर नजर फिरवली. "नाय मां? मगे?" आणि जिलबी उचलून माझ्या ताटात ठेवली. लोकांनी माना डोलावल्या, काय निष्ठा म्हणाले. बाबा तुझ्यामागे बारा वर्षं जगले आणि दोन्ही पायांनिशी तिरडीवर चढले. तू मोरीत काय करत होतीस हे त्यांना ठाऊक होतं का, मी कधी विचारलं नाही. बेळगाव अजून आलेलं नाही.

आता मुलगा उठेल. आज दुपारी बेल वाजली होती. मी दार उघडून डबा घेतला आणि त्याला सांगितलं, आलंच नाही रे. पण तुझ्या वेळच्या वाट्यांना जीभ नव्हती, आताच्या फोनला असते. "पोचलं म्हणतोय इथे," म्हणाला. मी म्हटलं, माझ्या हातून सांडलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग कूस बदलून झोपला. सांडलं नव्हतं. फेकायला गेले, पण कचऱ्याच्या डब्याशी हात अडतो गं, तुझाच हात आहे हा. गुलाबजाम होते. ओट्याशी उभ्यानेच खाल्ले, पाण्याबरोबर. कालचे, परवाचेही, त्याचा डोळा लागल्यावर मीच उचलून खाल्ले होते. मलाही साखर आहे, वीस वर्षं गोळी घेते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे, डब्यांचं नाही.

हे कागद त्याच्याच जुन्या रिपोर्टांचे पाठकोरे आहेत, लिहून झालं की पुन्हा त्याच पिशवीत घालीन. तुझ्यापर्यंत ते कसे पोचणार? आणि पोचलेच तर तू आधी माझ्या पायाकडे बघशील, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते, सुनेलाही सांगितलेली नाही. माझ्या डाव्या पायाच्या करंगळीखाली परवापासून एक फोड आलाय. सकाळी पायपुसण्यावर ओलं दिसलं म्हणून कळलं.

दुखत नाही.